कोणती सरासरी ?

मराठी शाळेतून वाणिज्य शाखेत आलेल्या माझ्यासारख्याला 'बहुलक' म्हणजे सर्वांत अधिक वेळा येणारी संख्या. हिंदी रसायनशास्त्राच्या पुस्तकांत मात्र 'बहुलक' म्हणजे पॉलिमर ! एका पेटंटाच्या खटल्यात हे दोन्ही बहुलक एकत्र आले, आणि आपल्या हैदराबादची नॅटको फार्मा त्यात पक्षकार होती.

औषध कोपॅक्सोन. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या रोगावर ते टोचतात. चार अमिनो आम्लांच्या साखळ्यांचे हे पॉलिमर. ही आम्ले डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपांत असतात; औषधात 'एल' रूप घेतात. या 'एल'चा अर्थ रसायनशास्त्रात एकच. गाडी अडली ती साध्या दिसणाऱ्या 'रेणुभार' या शब्दावर. तेवा कंपनीच्या पेटंटात तो 5 ते 9 किलोडाल्टन असा होता.

साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात, म्हणून सरासरी काढावी लागते. समजा, दहा साखळ्या आहेत : सात 6 किलोडाल्टनच्या, दोन 9 च्या, एक 20 ची. बहुलक 6. साधी सरासरी 8. प्रत्येक साखळीला तिच्या वजनाइतका भार दिला, तर सुमारे 10.2. माल तोच, पहिल्या दोन हिशेबांनी पेटंटाच्या कुंपणात, तिसऱ्याने बाहेर!

प्रतिपक्ष म्हणाला, कोणती सरासरी हे लिहिलेले नाही, म्हणून हक्क संदिग्ध व रद्द. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तज्ज्ञाची साक्ष मानून बहुलकासारखा, म्हणजे आलेखाच्या शिखराचा, अर्थ घेतला. 2013 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. 20 जानेवारी 2015 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी सांगितले : शब्दाचा अंतिम अर्थ हा कायद्याचा प्रश्न, पण साक्षीवरून ठरवलेली वस्तुस्थिती उघड चूक दिसल्याशिवाय अपिलात मोडू नये.

एवढे होऊनही जून 2015 मध्ये अपील न्यायालयाने हक्क पुन्हा संदिग्धच ठरवला. कारण संबंधित दोन अर्जांत पेटंट कचेरीला एकदा भारित सरासरी सांगितली होती, एकदा शिखराची. बिलावर दर लिहावा आणि तो नगाचा की डझनाचा हे लिहू नये, तशातला हा प्रकार. माझ्या मते निकाल योग्यच झाला.

त्या पेटंटाची मुदत सप्टेंबर 2015 मध्ये तशीही संपणार होती. नॅटकोच्या भागीदार मायलन कंपनीला अमेरिकेत या औषधाची परवानगी मिळाली ती ऑक्टोबर 2017 मध्ये.