कॅसल माउंटनचा पुतळा काय विचारतो?

कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात कॅसल माउंटनच्या पायथ्याशी एका कैदी मजुराचा पुतळा आहे. जॉन बॉक्सटेल यांनी घडवलेल्या आणि १९९५ साली उभारलेल्या या पुतळ्याचे नावच ‘का?’ असे आहे. पहिल्या महायुद्धात कॅनडाने ८,५७९ जणांना २४ छावण्यांत डांबले. त्यांत बहुसंख्य युक्रेनियन होते. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातून पोट भरायला आलेल्या या माणसांचा गुन्हा एवढाच, की कागदोपत्री ते शत्रूच्या सम्राटाची प्रजा होते. जुलै १९१५ पासून इथे तंबूंत ठेवलेल्या कैद्यांकडून बॅन्फ ते लेक लुईस या रस्त्याचे काम करवून घेतले गेले. मजुरी होती दिवसाला २५ सेंट.

युद्धकाळात शत्रूच्या नागरिकांना मोकळे कसे सोडायचे, असा आक्षेप घेतला जातो. तो उडवून लावण्याजोगा नाही. हेरगिरीची भीती तेव्हा खरीच होती. पण सरकारच्या वागण्याशी ती भीती जुळत नाही. पकडले गेले ते मुख्यतः बेकार आणि निराधार. पुढे तरुण आघाडीवर गेले, खाणी आणि रेल्वे कंपन्यांना माणसे मिळेनात, तेव्हा १९१६-१७ मध्ये यांतल्याच बहुतेकांना शपथपत्रावर सोडून तिथे कामाला धाडले. काल ज्याच्यापासून देशाला धोका होता, त्याच्याच हाती आज रेल्वेमार्ग कसा देता येतो? उलट युद्ध १९१८ मध्ये संपूनही शेवटची छावणी १९२० पर्यंत चालूच राहिली. पुतळ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला यातच दिसते: सुरक्षेचा कायदा हाताशी होता, आणि स्वस्त मजूर हवे होते. उद्यानांचे आयुक्त जेम्स हार्किन यांनी हे मजूर आपल्या रस्त्यांसाठी हौसेने मागून घेतले होते.

शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारला आजच्या मापाने मोजू नये, असेही म्हणतात. मात्र युक्रेनियनांना मित्र मानावे, असा सल्ला खुद्द ब्रिटिश परराष्ट्र खात्याने १९१५ च्या आरंभी दिला होता. म्हणजे माप त्याच काळाचे होते. या कैदेची बहुतेक सरकारी कागदपत्रे १९५० च्या दशकात नष्ट झाली. साक्ष द्यायला उरला तो रस्ता. म्हणून केवळ कैदेचा उल्लेख पुरेसा नाही. २००८ मध्ये सरकारने स्मरणासाठी एक कोटी डॉलरचा निधी दिला, २०१३ मध्ये बॅन्फलाच प्रदर्शन उघडले. आता पर्यटकाच्या हातातल्या नकाशावरही हा रस्ता कोणी बांधला ते छापलेले असावे.