बालमैत्री आणि प्रीति

सुखान्त प्रेमकथेंत नायक-नायिकेची गांठ घालून देणें हें लेखकाचें पहिलें काम. दोघें बाळपणापासूनचीं स्नेही असलीं म्हणजे हें काम उरत नाहीं. पण त्याहून अवघड असें दुसरें पुढें येतें. परक्यानें नकार दिला तर थोडा मानभंग, एवढेंच. बालमित्राच्या नकारानें मात्र जुनी मैत्री जाते, आणि कधीं कधीं त्याबरोबर एक घरहि.

'ऑल्वेज बी माय मेबी' या २०१९ च्या अमेरिकन चित्रपटांत हा पेच चांगला मांडला आहे. नाहनाच्का खान यांनीं दिग्दर्शित केलेली ही कथा सॅन फ्रान्सिस्कोंतील. साशाचे आईबाप दुकानांत गुंतलेले. म्हणून ती शेजारच्या मार्कसकडे जेवते, आणि त्याची कोरियन आई जूडी तिला स्वयंपाक शिकविते. पुढें जूडी एकाएकीं वारते. त्या शोकांत दोघें जवळ येतात, लागलींच भांडतात, आणि सोळा वर्षें दुरावतात. पुन्हां भेटतात तेव्हां साशा पाककलेंत नांव कमावलेली, तर मार्कस अजून बापाच्याच घरीं. कीआनू रीव्हज यांनीं यांत स्वतःचीच केलेली थट्टा लोकांना फार आवडली. ती मजेदार आहेहि, परंतु कथेचें मर्म तींत नव्हे. खरा विनोद दोघांच्या जुन्या ओळखींतून निघतो. त्याच्यापुढें तिच्या कीर्तीचा तोरा चालत नाहीं, आणि तिच्यापुढें त्याच्या भित्रेपणाच्या सबबी टिकत नाहींत. शेवटीं साशा न्यूयॉर्कमध्यें नवें उपाहारगृह काढते. त्याला नांव जूडीचें, आणि पदार्थहि जूडीचेच.