शेतकरी कवी आणि त्यांना शेतकरी ठरवणारे

रशियातल्या शेतकरी कवींचा विषय निघाला की पहिलं नाव येतं अलेक्सेइ कोल्त्सोवचं, आणि पहिली अडचणही तिथंच येते. कोल्त्सोव (1809–1842) नांगर धरणारा नव्हता. वोरोनेझच्या गुरांच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा बापाचे कळप घेऊन गवताळ माळरानांवर हिंडायचा. शाळेचं तोंड त्यानं दीड वर्षही पाहिलं नाही. लोकगीतांचा ठेका मात्र त्याच्या कानात पक्का बसला होता. त्यातून त्यानं पाच अक्षरांचे गट, मधल्या अक्षरावर आघात आणि बहुधा यमक नाही, असा छंद घोटून काढला. रशियन छंदशास्त्रात तो आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो.

1835 मध्ये मॉस्कोतला तरुण विचारवंत स्तान्केविच याच्या खटपटीनं त्याचं पहिलं पुस्तक निघालं. पुढच्याच वर्षी पुश्किननं आपल्या नियतकालिकात त्याला जागा दिली. बेलिन्स्कीसारखा समीक्षक पाठीशी उभा राहिला. राजधानीतल्या मंडळींना मातीतला कवी हवा होता, तो मिळाला. कोल्त्सोवच्या वाट्याला मात्र वोरोनेझमधला गुरांचा हिशेब आणि बापाचे कोर्टखटले चुकले नाहीत. 33व्या वर्षी तो क्षयानं गेला.

त्याच्या मागून आलेल्यांचंही पोट शेतापेक्षा दुकानावरच जास्त चाललं. वोरोनेझच्याच इवान निकीतिननं आधी उतारू गाडीवानांसाठी खानावळ चालवली, मग 1859 मध्ये पुस्तकांचं दुकान काढलं. इवान सुरिकोव (1841–1880) हा यारोस्लाव्ल प्रांतातल्या भूदासाचा मुलगा. मॉस्कोत भंगार लोखंड आणि कोळसा विकता विकता कविता लिहायचा. माझ्या मते या परंपरेचा खरा पाया यानंच घातला. कोल्त्सोवला थोरामोठ्यांनी शोधून काढलं होतं. सुरिकोवनं आपल्यासारखेच स्वतः शिकलेले लेखक शोधले आणि 1872 मध्ये ‘पहाट’ नावाचा त्यांचा संग्रह काढला. त्यातून उभं राहिलेलं मंडळ तो गेल्यावरही कित्येक वर्षं टिकलं. त्याच्या काही कविता तर अशा लोकांच्या तोंडी बसल्या की गाणाऱ्यांना कवीचं नावही ठाऊक नसायचं.

स्पिरिदोन द्रोझ्झिन (1848–1930) जन्मानंच भूदास. पोरवयात पीटर्सबर्गच्या गुत्त्यात कामाला लागला, बारा ठिकाणच्या नोकऱ्या केल्या आणि शेवटी त्वेर प्रांतातल्या आपल्या निझोव्का गावी परत येऊन शेती करू लागला. 1900 च्या उन्हाळ्यात कवी रिल्के आणि लेखिका लू आंद्रेआस-सालोमे त्याला भेटायला थेट तिथं पोचले. रिल्केनं त्याच्या कविता जर्मनमध्ये आणल्या होत्या. रशियाचा आत्मा खेड्यातच गवसेल, अशी त्याची श्रद्धा होती.

ही श्रद्धा लवकरच वेशभूषेपर्यंत आली. 1915 च्या ऑक्टोबरात पेत्रोग्रादच्या तेनिशेव विद्यालयात ‘क्रासा’ या गटाची संध्याकाळ झाली. तिथं ओलोनेत्स प्रांतातला निकोलाय क्ल्यूएव आणि र्‍याझानकडच्या कोन्स्तान्तिनोवो गावचा विशीतला सेर्गेइ येसेनिन श्रोत्यांसमोर आले ते खेडूत पोशाखात. हाच येसेनिन त्याआधी मॉस्कोत सीतिनच्या छापखान्यात मुद्रितं तपासत होता आणि सुरिकोवच्या मंडळात जात होता! पोशाख दिखाऊ होता, कविता नव्हती. क्ल्यूएवच्या ओळींत उत्तरेकडच्या जुन्या धर्मपंथीयांची भाषा होती, ती काही पोशाखाबरोबर भाड्यानं आणता येत नाही.

क्रांतीनंतर फासा उलटला. खेडं मागं पडणार हे येसेनिननं 1920 मध्येच ओळखलं होतं. आगगाडीशी शर्यत लावणारं शिंगरू त्याच्या कवितेत आलं ते तेव्हाच. 1925 च्या डिसेंबरात लेनिनग्रादच्या हॉटेलात त्याचा अंत झाला. 1927 च्या जानेवारीत बोल्शेविक नेता बुखारिननं ‘प्रावदा’तून त्याच्या प्रभावावर तुटून पडणारा लेख लिहिला. सामूहिक शेतीची सक्ती आली आणि ज्या खेडूतपणाचं दिवाणखान्यात कौतुक झालं होतं तोच आरोपपत्रात गेला. शिवी होती ‘कुलाक कवी’; कुलाक म्हणजे सधन शेतकरी. पावेल वासिल्येव, सेर्गेइ क्लिच्कोव आणि क्ल्यूएव या कवींना 1937 मध्ये, प्योत्र ओरेशिनला 1938 मध्ये गोळ्या घातल्या. क्ल्यूएव सुटून मॉस्कोला परतताना सायबेरियातल्या एका स्टेशनवर वारला आणि हस्तलिखितांची पेटी हरवली, अशी दंतकथा कित्येक वर्षं फिरत राहिली. प्रत्यक्षात त्याला तोम्स्कमध्येच मारलं होतं.

अलेक्सांद्र त्वार्दोव्स्की (1910–1971) वाचला. स्मोलेन्स्ककडच्या या लोहाराच्या मुलाच्या घरच्यांना 1931 मध्ये कुलाक ठरवून हद्दपार केलं. त्यानं मात्र 1936 मध्ये सामूहिक शेती नसलेला मुलूख शोधत फिरणाऱ्या शेतकऱ्याची कथा काव्यात लिहिली. शेवटी तो शेतकरी सामूहिक शेती पत्करतो. कवीला पुढं स्टालिन पारितोषिक मिळालं. ही तडजोड होती, आणि ती त्याला आयुष्यभर टोचत राहिली असावी. उतारवयात त्यानं बापाबद्दल आणि त्या हद्दपारीबद्दल दीर्घकविता लिहिली. सोल्झेनित्सिनच्या कथेतल्या इवान देनिसोविचला, तोही खेड्यातलाच, 1962 मध्ये ‘नोवी मीर’मध्ये जागा मिळवून देणारा संपादक हाच. स्वतःची ही कविता मात्र त्याला त्या मासिकात छापता आली नाही. देशात ती छापून आली 1987 मध्ये.