गहुंजे: पाहुण्यांना पावणारे मैदान

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग संपत आला की प्रकाशझोतांचे उंच खांब दिसू लागतात. भाताची खाचरे, वीटभट्ट्या, नव्याने उठलेल्या इमारती आणि पवनेचे खोरे यांच्या मधोमध महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे हे स्टेडियम आहे. जग त्याला 'पुणे' म्हणून ओळखते. धावफलकावरही पुणेच लिहिले जाते. पण जमीन मावळ तालुक्याची आहे, गाव गहुंजे. जवळच्या घोराडेश्वराच्या डोंगरावर चढून लेण्यांपाशी उभे राहिले, की हा सगळा वाडगा एका नजरेत मावतो. लोणावळ्याला कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकत इथवर येईतो बराच हलका झालेला असतो. क्रिकेटला तेवढा आडोसा पुरतो.

या मैदानाचा बारा-तेरा वर्षांचा इतिहास सामन्यांच्या क्रमाने वाचत गेले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. इथे पाहुणे जिंकतात. नुसते जिंकत नाहीत, आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम खेळ करून जातात. भारतीय संघाने इथे मोठे विजय मिळवले आहेत, ते कमी लेखायचे नाहीत. तरीही गहुंज्याची ओळख माझ्या मते परक्या खेळाडूंनी घडवली आहे, आणि ती अभिमानाने सांगावी अशी आहे.

हा गुण पुण्याने गहुंज्याच्या आधीपासून जपलेला आहे. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकाचा एक सामना झाला. केनियाचा संघ पहिल्यांदाच विश्वचषक खेळत होता. मॉरिस ओडुंबेच्या संघाने १६६ धावा केल्या आणि रिची रिचर्डसनच्या वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. ब्रायन लारा रजब अलीच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परतला. दोनदा जगज्जेता ठरलेला संघ एका नवख्या संघाकडून पुण्यात हरला. विश्वचषकातल्या धक्कादायक निकालांची यादी कुणीही केली तरी हा सामना तिच्यात असतोच.

नेहरू स्टेडियम महापालिकेचे. असोसिएशनला आपल्या मालकीचे मैदान हवे होते, आणि शहरात तेवढी जागा मिळणे शक्य नव्हते. १९३४ पासूनची ही संस्था, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकलेली. भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३ धावांची खेळीही १९४८ मध्ये महाराष्ट्राकडूनच, पुण्यातच झाली. एवढा वारसा असलेल्या संघटनेला हक्काचे आंतरराष्ट्रीय मैदान मिळायला २०१२ साल उजाडले. १ एप्रिलला शरद पवारांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुरुवातीला त्याला सहारा समूहाच्या प्रमुखांचे नाव होते, ते पुढे उतरले.

आराखडा लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सचा. लॉर्ड्सवरच्या माउंड स्टँडची कापडी छत्रे आणि साउदॅम्प्टनचे रोझ बाउल ही याच मंडळींची कामे. गहुंज्यातही ताणलेल्या पांढऱ्या कापडाची तीच खूण दिसते. सुमारे ३७ हजार प्रेक्षक मावतील असा हा वाडगा बसका ठेवला आहे, त्यामुळे भोवतालचे डोंगर झाकले जात नाहीत. मावळात बांधताना हे भान राखले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. सर मायकेल हॉपकिन्स जून २०२३ मध्ये गेले. त्यानंतर चारच महिन्यांनी त्यांच्या संस्थेने आखलेल्या या मैदानावर विश्वचषक आला.

मात्र क्रिकेटचे मैदान खरे ठरते ते मधल्या बावीस यार्डांत. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. पाणी, रोलर आणि ऊन यांचा मेळ बसला तर ती दगडासारखी घट्ट होते, फलंदाजाला चेंडूवर विश्वास ठेवता येतो. तीच माती कोरडी ठेवली तर वरचा थर सुटतो, चेंडू खाली राहतो आणि कमी-अधिक वळतो. लाल मातीत चिकणमाती कमी, त्यामुळे तिथे चेंडूला उसळी जास्त. गवत किती ठेवायचे, शेवटचे पाणी कधी द्यायचे, रोलर किती फिरवायचा, यावर पाच दिवसांचे भवितव्य ठरते. गहुंज्यात या निर्णयांचे परिणाम फार टोकाचे दिसले आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात हिरवळ इतकी होती, की नवख्या कसुन रजिताने सुरुवातीलाच आघाडीची फळी कापली आणि भारत १०१ धावांत आटोपला. पुढच्याच वर्षी, १५ जानेवारी २०१७ रोजी, तिथेच इंग्लंडने ३५० धावा केल्या आणि भारताने त्या ओलांडल्या.

तो सामना पुणेकर विसरणार नाहीत. ४ बाद ६३ अशी अवस्था असताना आपला केदार जाधव विराट कोहलीच्या साथीला आला. दोघांनी २०० धावांची भागीदारी केली. कोहलीच्या १२२, केदारच्या ७६ चेंडूंत १२०. पायात गोळे येऊन लंगडत असतानाही तो धावा काढत होता. घरच्या मुलाने घरच्या मैदानावर केलेली ही खेळी गहुंज्याची सर्वांत आपली आठवण.

सहाच आठवड्यांनी मैदानाने दुसरे रूप दाखवले. पहिलीच कसोटी, समोर ऑस्ट्रेलिया, आणि खेळपट्टी पहिल्या दिवसापासून भुसभुशीत. स्टीव्ह ओ'कीफ हा डावखुरा फिरकी गोलंदाज आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नव्हता. त्याने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले, अगदी तेच आकडे दोनदा. भारताचे पहिल्या डावातले शेवटचे सात गडी ११ धावांत गेले. १०५ आणि १०७ अशा दोन डावांनिशी भारत ३३३ धावांनी हरला, तिसऱ्या दिवशीच. त्याच खेळपट्टीवर स्टीव्ह स्मिथने दुसऱ्या डावात १०९ धावा केल्या, हेही नोंदवले पाहिजे; जीवदाने मिळाली, पण टिकून राहण्याचा निर्धार त्याचा होता. खेळपट्टीवर आयसीसीने 'निकृष्ट' असा शेरा मारला. शेरा योग्यच होता. फिरकीला साथ देणे आणि माती मोकळी सोडणे यांत फरक आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तो डाग पुसला गेला. चांगली, खणखणीत खेळपट्टी. कोहलीच्या नाबाद २५४ धावा, मयंक अगरवालचे शतक, एक डाव आणि १३७ धावांनी विजय. मायदेशातली ही सलग अकरावी कसोटी मालिका भारताने जिंकली आणि ऑस्ट्रेलियाचा दहाचा विक्रम मागे टाकला. विक्रम झाला तो गहुंज्यात.

आणि तुटला तोही गहुंज्यातच. ती साखळी अठरा मालिकांपर्यंत लांबल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंड आले. बंगळूरला भारत ४६ धावांत बाद होऊन पहिली कसोटी हरलेला. गहुंज्यात फिरकीची खेळपट्टी तयार झाली. तमिळनाडूच्या वॉशिंग्टन सुंदरने पहिल्या डावात ५९ धावांत ७ बळी घेऊन आशा दाखवली. मग मिचेल सँटनर आला. त्याआधी कसोटीत एका डावात पाच बळी त्याला कधीच मिळाले नव्हते. इथे त्याने ५३ धावांत ७ आणि १०४ धावांत ६ घेतले. वेग बदलत, चेंडू हवेत थोडा अधिक सोडत, फलंदाजाची घाई होईपर्यंत वाट पाहत. २६ ऑक्टोबरला न्यूझीलंडने सामना ११३ धावांनी आणि भारतातली आपली पहिली कसोटी मालिका जिंकली. हॅडली आणि विल्यमसन यांच्या संघांना जे साधले नाही ते इथे साधले, एवढे नक्की.

या दोन कसोट्यांच्या मध्ये २०२३चा विश्वचषक येऊन गेला. गहुंज्याला पाच सामने मिळाले, त्यांतला भारताचा एकच. १९ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध कोहलीने षटकार मारून विजय आणि शतक दोन्ही पूर्ण केले. त्याच सामन्यात हार्दिक पांड्या तीन चेंडू टाकून घोटा दुखावून बाहेर गेला आणि पुन्हा त्या स्पर्धेत खेळला नाही. बाकीचे चार सामने परक्यांचे परक्यांशी. दक्षिण आफ्रिकेने डी कॉक आणि व्हॅन डर डसेन यांच्या शतकांवर ३५७ धावा उभारून न्यूझीलंडला १९० धावांनी हरवले. बेन स्टोक्सने नेदरलँड्सविरुद्ध १०८ केल्या. शेवटच्या सामन्यात, ११ नोव्हेंबरला, बांगलादेशच्या ३०६ धावा मिचेल मार्शने जवळजवळ एकट्याने पार केल्या: १३२ चेंडूंत नाबाद १७७.

पण मला विचाराल तर या पाचांतला खरा सामना ३० ऑक्टोबरचा. अफगाणिस्तान विरुद्ध श्रीलंका. अफगाण संघ इंग्लंड आणि पाकिस्तानला हरवून आला होता. रशीद खानचा हा शंभरावा एकदिवसीय सामना. फझलहक फारूकीने ३४ धावांत ४ बळी घेतले, श्रीलंका २४१ वर थांबली. नंतरचा पाठलाग कुठेही घाई न करता झाला. रहमत शाहच्या ६२, कर्णधार हशमतुल्ला शाहिदीच्या नाबाद ५८, अझमतुल्ला उमरझाईच्या नाबाद ७३. सात गडी राखून विजय, तोही साडेचार षटके शिल्लक असताना. ज्या संघाला मायदेशी आंतरराष्ट्रीय सामने खेळता येत नाहीत, त्याने माजी जगज्जेत्यांना शांतपणे, हिशेबाने हरवले. केनियाचा १९९६चा विजय हा धक्का होता. हा विजय धक्का वाटलाच नाही, यातच त्या संघाची वाटचाल दिसते.

पाहुणे प्रेक्षकही इथे आले आहेत. २०१८ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटले आणि चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंज्यात हलवले गेले. चेन्नईहून चाहत्यांनी भरलेली खास रेल्वेगाडी पुण्याला आली, आणि मावळात पिवळे झेंडे फडकले. पाण्याचा प्रश्न मात्र इथेही पाठ सोडत नव्हता. २०१६च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला लावले होते. पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला. पवनेच्या खोऱ्यात पाणी कुणाचे, हा प्रश्न गावकऱ्यांसाठी क्रिकेटपेक्षा जुना आहे, आणि मैदानाला त्याचे उत्तर देत राहावे लागेल.

इथल्या प्रेक्षकाला मात्र पाहुण्यासारखी वागणूक मिळत नाही, ही माझी तक्रार आहे. स्टँडचा मोठा भाग उघडा. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर कसोटी पाहणे म्हणजे परीक्षा. २०२४च्या कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना पिण्याचे पाणी पुरले नाही. असोसिएशनने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि दुसऱ्या दिवसापासून व्यवस्था सुधारली. लोणावळा लोकलने देहूरोडला किंवा बेगडेवाडीला उतरून येणाऱ्याला पुढचा रस्ता स्वतःच शोधावा लागतो. सामना रात्री संपल्यावर गाडी बाहेर काढणे हे वेगळेच काम.

आंतरराष्ट्रीय सामने नसतानाही मैदान रिकामे राहात नाही, ही चांगली गोष्ट. मे २०२२ मध्ये महिलांची टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धा इथेच झाली; सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने २५ चेंडूंत अर्धशतक ठोकले. २०२३पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग इथे सुरू झाली आणि पहिले विजेतेपद रत्नागिरीच्या संघाने नेले. ऋतुराज गायकवाडसारखा पिंपरी-चिंचवडचा मुलगा या लीगमधल्या पुणेरी बाप्पा संघाचा कर्णधार म्हणून खेळला तेव्हा आजूबाजूच्या गावांतली पोरे त्याला बघायला आली.

भारतातला पुरुषांचा पुढचा एकदिवसीय विश्वचषक २०३१ साली, बांगलादेशबरोबर, व्हायचा आहे. गहुंज्याला त्यात सामने मिळावेत, आणि भारताचे नसले तरी चालतील. तोवर उघड्या स्टँडवर छप्पर चढवावे, प्रत्येक प्रवेशद्वारापाशी पाण्याची सोय असावी, आणि सामन्याच्या दिवशी देहूरोड स्टेशनपासून थेट बस सोडाव्यात.