भोंगा सातचा, फुगडी पडवीतली

एका घरात टीव्ही बंद केला की मूल शेजारच्या घरात जाऊन बसते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये साऱ्या गावालाच एक नियम लावला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचे, साडेआठला सुटका. नियम मोठ्यांनाही होता, आणि खरी मेख तिथेच आहे.

पडद्यासमोर किती वेळ? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला : दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच (आजीआजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल), दोन ते पाच वयात फार तर एक तास, पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत.

किती हालचाल? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा खेळ हवा.

पावसात काय? कोकणातल्या वैभववाडीत हा प्रश्न मोठा. करूळ आणि भुईबावडा घाटांच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर खळ्यात खेळण्याची सोय नसते. पडवीत दोरीउड्या होतात. सागरगोट्यांनी हात चपळ होतो, दम मात्र लागत नाही. त्यापेक्षा फुगडी बरी. गणेश चतुर्थीची वाट न पाहता आषाढातच सुरू करा, मुलग्यांनाही घ्या. पावसाने उघडीप दिली की लगोरी आहेच. तिला सात चपट्या खापऱ्या आणि एक चेंडू पुरतो.