घरगुती यंत्राने कोंबडीची अंडी उबविणे

खेड्यातील घरी आठ-दहा गावरान कोंबड्या असल्या म्हणजे पिल्ले काढण्यासाठी खुडूक कोंबडीवर भिस्त ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ही रीत वाईट नाही. एक खुडूक कोंबडी १० ते १२ अंडी उत्तम प्रकारे उबविते. तिला वीज लागत नाही की थर्मामीटर लागत नाही. परंतु ती खुडूक होते ती आपल्या सवडीने, पालकाच्या सवडीने नव्हे. शिवाय अंड्यांवर बसल्यापासून पिल्ले स्वतंत्रपणे हिंडू लागेपर्यंत दोन-तीन महिने तिचे अंडी देणे बंद राहते. कडकनाथसारख्या जातीच्या कोंबड्या तर अंड्यांवर क्वचितच नीट बसतात. म्हणून एकाच वयाची २०-२५ पिल्ले हवी असतील, तर लहान उबवणी यंत्र उपयोगी पडते.

कोंबडीवाचून अंडी उबविण्याची कल्पना नवी नाही. ईजिप्त देशात शेकडो वर्षांपासून मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबवीत आले आहेत. थर्मामीटर नसताना तेथील कसबी कामगार अंडे डोळ्याच्या पापणीला लावून उष्णतेचा अंदाज घेत असत. यंत्राने हा अंदाज सोपा केला, पण उबवणीची कामे बदलली नाहीत. कोंबडी अंड्यांना ऊब देते, ओलावा राखते, अंडी फिरविते आणि मधूनमधून उठून त्यांना हवा लागू देते. यंत्र वापरणाऱ्याला ही चारही कामे २१ दिवस करावी लागतात. ३० अंडी ठेवून चार-पाचच पिल्ले निघाली, तर अंडीही जातात आणि तीन आठवडेही वाया जातात. अशा वेळी दोष बहुधा यंत्राला दिला जातो. परंतु पुष्कळदा चूक अंडी निवडताना किंवा शेवटच्या तीन दिवसांत झालेली असते.

अंड्यांची निवड व साठवण

बाजारातील पांढरी अंडी यंत्रात ठेवून उपयोग नाही. व्यापारी अंडी-केंद्रांत कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवीत नाहीत, त्यामुळे ती अंडी फलित नसतात. उबवणीची अंडी निरोगी कळपातील, ८ ते १० कोंबड्यांमागे एक जोमदार कोंबडा असलेल्या ठिकाणची असावीत. कोंबडा नव्याने सोडला असल्यास साधारण एक आठवडा जाऊ द्यावा व त्यानंतरची अंडी जमवावीत. फार लहान, फार मोठी, वेडीवाकडी, पातळ कवचाची किंवा तडा गेलेली अंडी बाजूला काढावीत.

अंडी पाण्याने धुऊ नयेत. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक पातळ थर असतो. धुण्याने हा थर जातो. थंड पाण्याने अंडे आकसले म्हणजे पाण्यातील रोगजंतू छिद्रांवाटे आत ओढले जातात. थोडी घाण कोरड्या फडक्याने पुसावी. फार मळलेली अंडी घरी खाण्यास वापरावीत.

जमविलेली अंडी रुंद टोक वर करून, थंड व सावलीच्या जागी ठेवावीत. ओल्या वाळूत अर्धे पुरलेले मातीचे मडके याकरिता सोयीचे असते. शीतकपाटातील गारठा मात्र गर्भाला सोसत नाही. सात दिवसांहून जुनी अंडी ठेवू नयेत. उन्हाळ्यात ही मुदत तीन-चार दिवसांचीच समजावी, कारण उष्ण खोलीत गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते आणि तो अशक्त होऊन मरतो. दूरवरून आणलेली अंडी यंत्रात ठेवण्यापूर्वी १२ ते २४ तास स्थिर राहू द्यावीत.

यंत्राची जागा व चाचणी

घरगुती यंत्रे दोन प्रकारची असतात. एकात पंख्याने हवा खेळती राहते; दुसऱ्यात पंखा नसतो. पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०० अंश फॅरनहाइट असावे. बिनपंख्याच्या यंत्रात वरची हवा अधिक तापते, म्हणून अंड्यांच्या वरच्या बाजूच्या पातळीवर मोजलेले तापमान ३८.३ ते ३८.९ अंश असावे.

अंडी ठेवण्यापूर्वी यंत्र एक दिवस रिकामे चालवून पाहावे. थर्मामीटर खरा आहे की नाही हे तपासण्यासाठी तो आणि ताप पाहण्याचा थर्मामीटर एकाच कोमट पाण्यात धरून दोन्हींचा आकडा ताडून पाहावा. आर्द्रतामापक तपासण्याची युक्तीही सोपी आहे. झाकणात मीठ घेऊन ते पाण्याचे चार थेंब घालून चिखलासारखे ओले करावे आणि मापकासह घट्ट झाकणाच्या बरणीत काही तास ठेवावे. मापक खरा असेल, तर तो सुमारे ७५ टक्के दाखवितो.

यंत्र घरातील स्थिर तापमानाच्या खोलीत ठेवावे. ऊन, वारा व चूल यांपासून ते दूर असावे. यंत्र हवा तापवू शकते, गार करू शकत नाही, ही गोष्ट विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीतील हवाच ४० अंशांच्या वर जाते. अशा खोलीत तापनियंत्रकाने दिवा बंद केला तरी अंडी तापतच राहतात. त्या दिवसांत घरातील सर्वांत थंड खोली निवडावी, नाहीतर उबवणी पावसाळ्यानंतरवर ढकलावी. थर्मोकोलच्या पेटीत दिवा बसवून यंत्र घरीच तयार केले असेल, तर दिवा थर्मोकोलला टेकणार नाही, तारा उघड्या राहणार नाहीत आणि पाण्याचे भांडे विजेच्या जोडणीजवळ येणार नाही, याची खात्री करून घ्यावी.

पहिले अठरा दिवस

अंडी ठेवलेला दिवस मोजू नये. चोवीस तास पूर्ण झाले म्हणजे एक दिवस समजावा. सोमवारी सायंकाळी अंडी ठेवली, तर त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी नव्हे, तिसऱ्या शुक्रवारी सायंकाळी १८ दिवस पूर्ण होतात आणि लगेच येणाऱ्या सोमवारी पिल्ले अपेक्षित असतात.

अंडी फिरविण्याचे कारण समजून घेतल्यास ते काम चुकविण्याचा मोह होत नाही. अंड्यातील बलक वर तरंगत येतो आणि त्यावर गर्भ असतो. अंडे एकाच स्थितीत राहिले, तर गर्भ आतील पडद्याला चिकटून मरतो. यंत्रात आपोआप फिरविण्याची सोय नसल्यास दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी हाताने फिरवावीत. ही संख्या विषम ठेवली म्हणजे लांबलचक रात्र अंड्याच्या एकाच बाजूवर रोज येत नाही. अंड्याच्या एका बाजूस पेन्सिलीने फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढून ठेवावा, म्हणजे एखादे अंडे राहून गेले तर लक्षात येते. एकदा एका दिशेने व पुढच्या वेळी उलट दिशेने फिरवावे. हात स्वच्छ धुऊन कोरडे केल्यावरच अंड्यांना लावावेत.

आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के असावी. पाण्याच्या भांड्याची खोली वाढवून आर्द्रता वाढत नाही. पाण्याचा उघडा पृष्ठभाग वाढवावा लागतो. कोकणात पावसाळ्यात काही दिवस पाणी ठेवण्याची गरजही पडणार नाही, तर मराठवाड्याच्या कोरड्या हवेत दोन भांडी लागतील.

आर्द्रता योग्य आहे की नाही हे मापकापेक्षा अंडीच अधिक खरे सांगतात. छिद्रांवाटे ओलावा बाहेर जाऊन १८ दिवसांत अंड्याचे वजन शेकडा १२ च्या आसपास घटावयास पाहिजे. समजा, ३० गावरान अंड्यांचे वजन आरंभी १२०० ग्रॅम भरले. सातव्या दिवशी ते सुमारे ५५ ग्रॅमने आणि अठराव्या दिवशी सुमारे १४५ ग्रॅमने कमी भरले पाहिजे. घट कमी असेल तर पाणी कमी करावे, जास्त असेल तर वाढवावे. सातव्या दिवशी वांझ अंडी काढल्यानंतर उरलेल्या अंड्यांचे वजन नव्याने नोंदवून पुढचा हिशेब त्यावरून करावा.

दिव्यावर तपासणी

सातव्या दिवशी रात्री अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाशी लहान विजेरी धरून पाहावे. जिवंत अंड्यात एक काळसर ठिपका व त्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या लाल रक्तवाहिन्या दिसतात. अंडे आरपार स्वच्छ दिसले तर ते वांझ समजावे. आत नुसते रक्ताचे कडे दिसले तर गर्भ आरंभीच मेला आहे असे समजावे. अशी अंडी काढून टाकावीत, कारण ती सडून फुटल्यास इतरांनाही जंतूंची बाधा होते. चौदाव्या दिवशी पुन्हा तपासणी करावी. त्या वेळी हवेची पोकळी सोडून बाकी अंडे गर्द दिसावयास हवे. तपासणी झटपट करावी. अंडी फार वेळ बाहेर ठेवू नयेत.

वीज गेली असता

ग्रामीण भागात वीज जाणे हे उबवणीतील मोठे संकट वाटते, परंतु गर्भ थंडीपेक्षा अतिउष्णतेने लवकर मरतो. तास-दोन तास वीज गेल्याने बहुधा फारसे नुकसान होत नाही. पिल्ले थोडी उशिरा निघतात इतकेच. झाकण उघडू नये. यंत्रावर गोधडी किंवा घोंगडी पांघरावी, मात्र हवेची छिद्रे झाकू नयेत. शेवटच्या आठवड्यात पिल्ले स्वतः उष्णता निर्माण करतात आणि त्यांना हवाही जास्त लागते. वीज अधिक काळ गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवाव्यात. त्या अंड्यांना टेकू देऊ नयेत. वीज आल्यावर गेलेली ऊब भरून काढण्यासाठी तापमान वाढवून ठेवणे ही घातक चूक होय. अंडी टाकून देण्याची घाई न करता चार-पाच दिवसांनी दिव्यावर पाहूनच निर्णय घ्यावा.

शेवटचे तीन दिवस

अठरा दिवस पूर्ण झाले म्हणजे अंडी फिरविणे बंद करावे, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी आणि यंत्राचे झाकण लावून स्वस्थ राहावे. पुष्कळ पिल्ले याच मुदतीत, पाहणाऱ्याच्या अधीरतेमुळे दगावतात. पिल्लू प्रथम आतील पडदा फोडून हवेच्या पोकळीत श्वास घेऊ लागते आणि नंतर कवचाला टोच मारते. पहिल्या टोचीपासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात. या वेळात पिल्लू स्वस्थ दिसले, तरी त्याचे काम थांबलेले नसते: उरलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि पडद्यातील रक्त त्याच्या शरीरात परतत असते. कवच सोलून त्याला मदत केली, तर रक्तवाहिन्या तुटून पिल्लू मरते. तसेच दर तासाला झाकण उघडल्यास दमट हवा बाहेर जाते, पडदा सुकून चामड्यासारखा होतो आणि पिल्लू त्यातच आवळले जाते.

निघालेली पिल्ले अंग वाळून पिसे फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्यावीत. पोटात घेतलेल्या बलकावर ती दोन दिवस सहज तग धरतात; म्हणून ती उपाशी आहेत या समजुतीने झाकण उघडण्याचे कारण नाही. नंतर त्यांना ३५ अंश ऊब असलेल्या ब्रूडरमध्ये हलवावे व दर आठवड्यास ही ऊब सुमारे ३ अंशांनी कमी करावी. पाणी उथळ भांड्यात द्यावे. राणीखेत रोगाची पहिली लस ५ ते ७ दिवसांच्या वयात देतात. ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने द्यावी.

न उबलेल्या अंड्यांची तपासणी

बावीस दिवस पूर्ण झाल्यावर उरलेली अंडी तशीच उकिरड्यावर टाकू नयेत. ती घराबाहेर एकेक फोडून पाहावीत, कारण पुढील खेपेचा सुधार त्यांतूनच कळतो. वांझ अंडी पुष्कळ असल्यास कोंबडा म्हातारा वा आजारी आहे, किंवा कोंबड्यांच्या मानाने कोंबडे कमी आहेत. रक्ताची कडी पुष्कळ असल्यास अंडी जुनी होती किंवा उष्ण जागी साठविली होती. मधल्या आठवड्यात गर्भ मेले असल्यास तापमानातील चढउतार, फिरविण्यातील हयगय किंवा कोंबड्यांच्या आहारातील जीवनसत्त्वांची उणीव यांकडे लक्ष द्यावे. टोच मारून पिल्लू आतच सुकले असल्यास शेवटी ओलावा कमी पडला. पूर्ण वाढलेले पिल्लू टोच न मारताच मेले आणि अंड्यात पाणी आढळले, तर आधीचे अठरा दिवस ओलावा जास्त होता. सर्वच पिल्ले एक दिवस आधी निघाली तर तापमान अधिक होते. एक दिवस उशिरा निघाली तर कमी होते. तपासणीनंतर अंडी व कवचे खोल पुरावीत, यंत्र साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे आणि मगच पुढील खेप ठेवावी.

यशाचा हिशेब दोन प्रकारे मांडावा. समजा, ३० अंड्यांपैकी ५ वांझ निघाली आणि उरलेल्या २५ मधून १९ पिल्ले मिळाली. ठेवलेल्या अंड्यांच्या मानाने हे प्रमाण शेकडा ६३ होते, पण फलित अंड्यांच्या मानाने शेकडा ७६ होते. पहिला आकडा कमी व दुसरा चांगला असेल तर सुधारणा खुराड्यात करावयाची आहे; दुसराच आकडा कमी असेल तर साठवणीत किंवा यंत्राच्या निगेत. म्हणून प्रत्येक खेपेची तारीख, अंड्यांची संख्या व वजन, रोजचे तापमान, वीज गेल्याचे तास आणि निघालेली पिल्ले यांची नोंद एका वहीत ठेवावी. तीन-चार खेपांनंतर अशी वही आपल्या घरातील खोलीला, हवेला व यंत्राला कोणती निगा लागते हे नेमके सांगू लागते.