एक अशक्य गोष्ट माफ!

सक्करदऱ्यातील एक निवृत्त फार्मासिस्ट यंदाच्या उन्हाळ्यात विज्ञानकथा वाचत होते. अकरा वाजता दार लावून घ्यायचे, कूलर सुरू करायचा आणि संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत पुस्तक सोडायचे नाही, असा त्यांचा क्रम होता. सारे आयुष्य औषधांच्या दुकानात गेल्यामुळे नोंद ठेवायची सवय हाडात मुरलेली. दुकानातली उधारीची एक कोरी वही उरली होती. तिच्यात त्यांनी रकाने आखले. पहिल्या रकान्यात कथेचे नाव, दुसऱ्यात 'काय मानायला लावले' आणि तिसऱ्यात 'पुढचे पटले का'.

त्यांचा नियम सोपा आहे. लेखकाला एक अशक्य गोष्ट माफ. मग ते काळयंत्र असो, नाहीतर परग्रहावरचा पाहुणा. पण दुसरी थाप चालणार नाही. एकदा ती एक गोष्ट मानली की पुढचे सगळे विज्ञानाच्या आणि माणसाच्या स्वभावाच्या नियमाने घडले पाहिजे. एच. जी. वेल्स यांनीही साधारण हेच सांगितले होते. काकांनी (वस्तीत त्यांना सगळे काकाच म्हणतात) हा नियम वेल्स वाचून केलेला नाही, दुकानात बसून केला आहे. एका गोळीने मधुमेह, सांधेदुखी आणि टक्कल बरे करू पाहणारे किती विक्रेते त्यांनी परत पाठवले, याची गणती नाही.

उजवे आणि डावे

त्यांच्या वहीत सर्वांत वरचा क्रमांक डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेला आहे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपले नाव पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी केली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. बंगालीत असेच पूर्वी घडले होते. १८९६ मध्ये केसांच्या तेलाच्या एका कंपनीने कथास्पर्धा घेतली. बाटलीभर तेल समुद्रात ओतून वादळ शमवणारी कथा तिथे निनावी आली आणि बक्षीस घेऊन गेली. तिचे लेखक होते जगदीशचंद्र बोस.

'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये मोबियस पट्टीच्या कल्पनेचा आधार घेऊन माणसाचे उजवे-डावे उलटते. क्रिकेटपटू अचानक दुसऱ्याच हाताने गोलंदाजी करू लागतो. काकांनी मधल्या रकान्यात लिहिले, 'अवकाशाला पीळ पडला, मान्य.' तिसऱ्या रकान्यात मात्र प्रश्न आहे: 'हा माणूस मग जेवेल काय?'

प्रश्न फार्मासिस्टचा आहे आणि मोलाचा आहे. हृदय उजवीकडे असलेली माणसे खरोखर असतात. साधारण दहा हजारांत एकाचे सगळेच अवयव उलट बाजूला असतात. त्यांतले बहुतेक जण ठणठणीत जगतात आणि एक्स-रे काढेपर्यंत त्यांना पत्ताही नसतो. काहींना मात्र लहानपणापासून सर्दी, सायनस आणि छातीतला कफ यांचा त्रास असतो. कारण गर्भात उजवे-डावे ठरवणाऱ्या आणि श्वासनलिका झाडून काढणाऱ्या पेशींवरच्या सूक्ष्म केसांची घडण एकच असते. ती बिघडली की दोन्हीकडे गडबड होते.

पण कथेतल्या माणसाचे अवयवच नव्हे, तर रेणूही उलटले असणार. आपल्या प्रथिनांतली अमिनो आम्ले जवळपास सगळी 'डाव्या' घडणीची असतात, तर शर्करा 'उजव्या' घडणीच्या. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये स्फटिक निवडता निवडता रेणूंचे हे उजवे-डावेपण दाखवून दिले. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही. तसे उलट्या माणसाच्या विकरांना आपल्या ताटातली पोळी पचवता येणार नाही. भरल्या ताटावर तो उपाशी राहील.

हे उजवे-डावेपण आपल्या घरातल्या औषधांवरही छापलेले असते. लीव्होसेटिरिझिन, लीव्होडोपा, लीव्होथायरॉक्सिन यांतला 'लीव्हो' म्हणजे डावा. सलाईनच्या बाटलीवरच्या 'डेक्स्ट्रोज'मधला 'डेक्स्ट्रो' म्हणजे उजवा. लीव्होथायरॉक्सिनचे आरशातले भावंड एकेकाळी कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी वापरून पाहिले गेले. हृदयाला अपाय होतो असे दिसल्यावर ते मागे पडले. थॅलिडोमाइडच्या दोन रूपांतले एक झोप आणते, दुसरे गर्भाला व्यंग आणते, आणि शरीरात ही दोन्ही रूपे एकमेकांत बदलत राहतात. या औषधामुळे १९६० च्या आसपास जगभरात दहा हजारांहून अधिक मुले व्यंग घेऊन जन्मली.

डिसेंबर २०२४ मध्ये जगातल्या अडतीस शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन इशारा दिला, की आरशातल्यासारखे उलटे जिवाणू प्रयोगशाळेत तयार करू नयेत. आपली प्रतिकारशक्ती त्यांना ओळखू शकणार नाही. तिसऱ्या रकान्यातला प्रश्न आता खऱ्या शास्त्रज्ञांच्या टेबलावर आहे.

औषध लागलेच नाही

नारळीकरांची दुसरी कथा 'पुत्रवती भव'. मुलगाच होईल अशी खात्री देणारा शोध लागला तर समाजाचे काय होईल, हा तिचा विषय. ती 'यक्षांची देणगी' या १९७९ च्या संग्रहात आहे. काकांचे मत रोखठोक आहे: 'विज्ञान चुकले, माणूस बरोबर ओळखला.'

मुलगा होण्याचे औषध निघाले नाही. मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रपेशीतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर, गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. नंतर खाल्लेली कोणतीही पुडी ते बदलू शकत नाही. पण समाजाला औषधाची गरज पडलीच नाही. गर्भजल तपासणी आणि सोनोग्राफी ही व्यंग व आजार शोधण्याची साधने त्याने त्याच कामाला लावली. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही हे आकडे असे आहेत.

'मुलगा होण्याची पुडी आहे का,' असे कुजबुजत विचारणारी गिऱ्हाइके काकांनी काउंटरवर पाहिली आहेत. अशा पुड्यांत काय असते हे विकणाऱ्यालाच ठाऊक, आणि गरोदरपणाचे पहिले तीन महिने तर गर्भाचे अवयव घडण्याचे. या काळात अनोळखी पुडी घेणे म्हणजे बाळाच्या घडणीशी खेळ.

तलावातले गरम पाणी

किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर' या २०२० च्या इंग्रजी कादंबरीचे पहिले प्रकरण वाचून काकांनी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवले. प्रकरण उत्तर प्रदेशातल्या एका गावात घडते. उष्णता आणि दमटपणा एकाच वेळी वाढतात, वीज जाते, माणसे जीव वाचवायला तलावात उतरतात आणि तलावाचे पाणीही गरम असते. घरापासून हाकेच्या अंतरावर तलाव असलेल्या माणसाला हे वाचून झोप कशी लागावी?

इथे अशक्य असे काही मानावेच लागत नाही. शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. हवा दमट झाली की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवतो त्याला 'वेट बल्ब' तापमान म्हणतात. ते ३५ अंशांना पोचले तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. वृद्ध, हृदयरोगी आणि उन्हात राबणारे यांची मर्यादा याहून बरीच खाली असते.

नागपूरकराला हे शास्त्र कूलरने शिकवले आहे. मे महिन्यात हवा कोरडी असते, म्हणून कूलर गारवा देतो. जूनमध्ये ढग आले, पाऊस मात्र नाही, की तोच कूलर नुसती चिकचिक करतो. शहराचे तापमान मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेले होते. पण पारा ४२ वर असला आणि हवा दमट असली, तर तो दिवस कोरड्या ४६ पेक्षाही घातक ठरू शकतो. म्हणून नुसता पारा पाहून निर्धास्त होऊ नये. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, लडखडला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. मग घाम येतो आहे की नाही, याची वाट पाहू नये. आधी सावलीत आणावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णालयाची गाडी बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

शून्य गुण कोणाला?

सगळ्याच कथा काकांना आवडल्या असे नाही. काही ठिकाणी वहीत नुसता भोपळा आहे. वेडा शास्त्रज्ञ, तळघरातली प्रयोगशाळा, अमरत्वाचे इंजेक्शन आणि शेवटच्या पानावर सगळे समजावून सांगणारा यंत्रमानव. 'इतके सोपे असते का बाप्पा?' हा त्यावरचा शेरा. काकांची तक्रार विज्ञानाबद्दल कमी आणि घाईबद्दल जास्त आहे. अशा कथांत इंजेक्शन टोचले की रोगी उठून बसतो. चाचणी नाही, दुष्परिणाम नाहीत, बिल तर नाहीच नाही.

डॅनिएल कीज यांची १९५९ ची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' ही कथा त्यांना भिडली ती याच्या उलट कारणासाठी. मंदबुद्धी तरुणाची बुद्धी शस्त्रक्रियेने वाढवतात. आधी हा प्रयोग एका उंदरावर झालेला असतो. उंदीर हुशार झाला, एवढ्यावर डॉक्टरांना निकाल जाहीर करण्याची घाई होते. तो उंदीर पुढे किती दिवस हुशार राहिला, हे पाहायला कोणी थांबत नाही. कथेचा शेवट इथे सांगणे बरे नाही. नव्या उपचाराची जाहिरात दिसली की प्रत्येकाने हाच प्रश्न विचारावा: किती जणांवर, किती काळ आणि नंतर काय झाले?

न लिहिलेली कथा

हा प्रश्न काकांच्या घरात नुसता पुस्तकी नाही. त्यांच्या भाचीचा मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे. जनुकोपचाराने हा आजार मुळापासून जातो, असा मजकूर भाचीच्या मोबाईलवर आला आणि तिने विचारले, 'मामा, हे खरं आहे की तुमच्या पुस्तकातलं?'

उत्तर आहे: खरे आहे, पण अर्धेच. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर चुकते. त्यामुळे प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदलते, आणि प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून असह्य वेदना, पंडुरोग आणि जंतुसंसर्ग होतात. मध्य भारतातल्या या दोषाची नोंद डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट' या नियतकालिकात केली होती. विदर्भाला हा आजार नवा नाही.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने 'क्रिस्पर' या जनुकीय कात्रीवर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता दिली, तीही सिकलसेलसाठीच. गंमत म्हणजे ही कात्री चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाही. जन्मानंतर बंद पडणारे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन ती पुन्हा सुरू करते. त्यासाठी रुग्णाच्या मूळ पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांत बदल करतात, तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि मग त्या पेशी परत देतात. काही आठवडे रुग्णालयात राहावे लागते. अमेरिकेत याची किंमत ठरली २२ लाख डॉलर. भारतीय शास्त्रज्ञ स्वस्त पर्यायावर काम करत आहेत. पण ज्या उपचाराची चौकशी सरकारी रुग्णालयात करता येत नाही आणि पैसे मात्र आगाऊ मागितले जातात, त्याच्या वाटेला जाऊ नये.

तोवर हातात जे आहे ते कमी नाही. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात. फॉलिक अॅसिड, लसी, भरपूर पाणी, थंडी आणि अतिश्रम टाळणे, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे, याने आयुष्य वाढते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः सहसा आजारी नसतो, म्हणून रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. देशातून सिकलसेल २०४७ पर्यंत हटवण्याचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. त्यात साध्या तपासणीत दोष आढळला, तर पक्के निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने होते. लग्न ठरवताना पत्रिकेआधी हा कागद पाहावा.

वहीच्या शेवटच्या पानावर काकांनी एका कथेसाठी जागा सोडली आहे. ती अजून कोणी लिहिलेली नाही. दुसऱ्या रकान्यात लिहिले आहे, 'उपचार विदर्भातल्या सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या पैशांत.' आणि खाली कंसात, 'हे अशक्य म्हणून धरू नये.'